चार बाटल्या रगात

"एवढ्या बाटल्या कशाला वो? माणूस तापानं आधीच गळलाय, त्यात रगात किती काढतायसा?"

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या मावशींनी मला हे विचारलं, तेव्हा बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. त्यांचा भाऊ खुर्चीत मान टाकून बसलेला, तापाचा चौथा दिवस. गावाजवळच रक्त तपासून झालं होतं आणि त्या कागदावर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, लिहिल्या होत्या ३८,०००. तो आकडा बघून घरात रडारड झाली, भाड्याची गाडी ठरली आणि सगळी मंडळी बेळगावात आली. मागं दोन धडधाकट पुतणे, रक्त द्यायच्या तयारीनं. मावशींच्या पिशवीत पाण्याच्या जुन्या बाटलीत हिरवागार रस, पपईच्या पानांचा.

मी बेळगावात वीसेक वर्षं लॅब टेक्निशियन आहे. आमच्याकडची वहिवाट अशी, की फॉर्म कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत आणि शंका मराठीत. पहिल्या दोन्हींना कागद मिळतो, तिसरीला मिळत नाही. म्हणून मावशींना तोंडी जे सांगितलं ते, आणि गर्दीत सांगायचं राहिलं तेही, इथं लिहितोय.

आधी किती रक्त, ते. चार बाटल्या मिळून साधारण १२ मिलिलिटर, म्हणजे चहाचे अडीच चमचे. मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर असतं. हे ऐकून मावशींचा जीव थोडा भांड्यात पडला. पण चारच का, आणि चार रंगांची बुचं का, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. बरोबरच होतं त्यांचं.

रक्त बाहेर आलं की गोठतं, तो त्याचा धर्म. काही तपासण्यांना ते गोठलेलं लागतं, काहींना पातळ. जांभळ्या बुचाच्या बाटलीत ईडीटीए नावाचं रसायन आतून लावलेलं असतं. रक्त गोठण्याच्या साखळीत कॅल्शियम ही एक कडी आहे. ईडीटीए ती घट्ट पकडून ठेवतं आणि साखळी तिथंच अडते. पेशी मोजायच्या त्या याच बाटलीतून. निळ्या बुचाच्या बाटलीत सायट्रेट असतं. तेही कॅल्शियमच धरतं, पण जरा सैल हातानं. लॅबमध्ये वरून कॅल्शियम घातलं की गोठणं पुन्हा सुरू होतं आणि त्याला किती सेकंद लागले ते मोजता येतं. हिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे माप पाळावंच लागतं, म्हणून ती रेघेपर्यंत भरायची. लाल किंवा पिवळ्या बुचाच्या बाटलीत रक्त मुद्दाम गोठू देतात. अर्ध्या तासानं सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवलं की गाठ खाली बसते आणि वर गव्हाळ रंगाचं सिरम उरतं. किडनी, लिव्हर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड हे सगळं या सिरममधून.

चौथी करडी, साखरेची. हिच्यापाशी थोडं थांबू या, कारण आमच्या भागात सगळ्यात जास्त घोळ हिच्यात होतो. बाटलीतल्या पेशी जिवंत असतात, त्यांना भूक असते आणि त्या बाटलीतली साखर खात राहतात. साध्या बाटलीत ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. खानापूर ते बेळगाव अंतर सव्वीसेक किलोमीटर, गाडीला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो सकाळी सातला काढलेलं रक्त दुपारच्या गाडीची वाट बघत टेबलावर पडून राहतं त्यात. उपाशीपोटी १३० साखर असलेल्या माणसाचं रक्त तीन तासांनी मोजलं तर मशीन १०७ च्या आसपास दाखवतं. मधुमेहाची रेघ १२६ ला. म्हणजे मधुमेही माणूस 'जरा गोड कमी खा' एवढं ऐकून घरी जातो. करड्या बाटलीतलं फ्लोराइड पेशींचं हे खाणं बंद पाडतं. मात्र ते पचनाच्या शेवटच्या टप्प्यावर बोट ठेवतं, त्यामुळं पहिल्या तासाभरात थोडी साखर जातेच. सिरम किंवा प्लाझ्मा लवकर वेगळा करणं, नाहीतर बाटली बर्फात ठेवणं, हे त्याहून चांगलं.

बाटल्या भरायचा क्रमही ठरलेला आहे: आधी निळी, मग लाल, मग जांभळी, शेवटी करडी. हा क्रम का, ते मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीला नवा असताना एकदा लाल बाटलीत रक्त कमी पडलं. परत सुई टोचली तर पेशंट ओरडेल, म्हणून मी जांभळ्या बाटलीतलं थोडं लालमध्ये ओतलं. मशीननं पोटॅशियम दाखवलं ११ च्या वर, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं; ११ ला हृदय चालत नाही. आमचे सीनियर तो कागद बघून म्हणाले, "पेशंट बाहेर चहा पितोय, म्हणजे बाटली मेलीय. कुणी ओतलं?" जांभळ्या बाटलीतलं ईडीटीए हे पोटॅशियमचंच मीठ असतं आणि कॅल्शियम तर ते गिळतंच. दोन्ही आकडे मीच तयार केले होते.

लॅबमधल्या सर्वाधिक चुका मशीनच्या पोटात होत नाहीत, रक्त मशीनपर्यंत पोचण्याआधी होतात. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला, बारीक सुईतून जोरानं ओढलं, बाटली हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करण्याऐवजी औषधासारखी खळखळून हलवली, की लाल पेशी फुटतात. पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त पोटॅशियम असतं, ते सिरममध्ये सांडतं. मग सिरम गव्हाळ न दिसता कोकमाच्या सरबतासारखं दिसतं आणि आम्ही म्हणतो, सॅम्पल हिमोलाइज झालंय, परत काढा. नातेवाइकांना वाटतं, लॅबवाल्यांनी रक्त हरवलं.

जत्रांच्या दिवसांत आणखी एक गंमत. बेळगावच्या आसपासच्या गावांत महालक्ष्मीची जत्रा असली की पाहुणेरावळे, मटण, रस्सा, मध्यरात्रीपर्यंत पंगती. सकाळी माणूस 'उपाशीपोटी' म्हणून हजर. "चहा तेवढा घेतलाय की, खाल्लं काय न्हाई." सेंट्रिफ्यूजमधून सिरम निघतं ते दुधासारखं पांढरं. ती रक्तात तरंगणारी चरबी. आणि आमची निम्मी मशीनं प्रकाशावर चालतात, त्यामुळं ती चरबी तिच्याशी संबंध नसलेल्या तपासण्याही बिघडवते.

प्रकाशावर म्हणजे कसं? साखरेचंच बघा. सिरमच्या एका थेंबात दोन एन्झाइमं घालतात. पहिलं साखरेवर काम करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, दुसरं त्यातून गुलाबी रंग काढतं. साखर जितकी जास्त, तितका गुलाबी गडद. ५०५ नॅनोमीटरचा, म्हणजे हिरवट रंगाचा प्रकाश त्यातून सोडायचा आणि किती अडला ते मोजायचं. शेजारी १०० साखरेचं ठरीव द्रावण. त्यानं ०.३० अडवला आणि तुमच्यानं ०.३६, तर तुमची साखर १२०. त्रैराशिक झालं, दुसरं काही नाही. किडनीचं क्रिएटिनिनही पुष्कळ ठिकाणी अजून १८८६ मध्ये याफे यांनी शोधलेल्या नारिंगी रंगाच्या अभिक्रियेवरच मोजतात. त्यामुळं सिरम दुधाळ असलं की प्रकाश रंगानं अडला की चरबीनं, हे मशीनला कळणं अवघड होतं.

तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी वेगळी. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस रक्तातली साखर तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. किती टक्के हिमोग्लोबिन साखरेनं माखलंय, ते यात मोजतात. इथं उपाशी-जेवलेलं हा प्रश्न नाही, बाटलीही जांभळी. पण अंगात लोह कमी असलेल्या बाईची एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडी जास्त येऊ शकते, आणि लोह कमी असलेल्या बायका आमच्याकडं काही कमी येत नाहीत. म्हणून ६.५ च्या रेघेला टेकलेला आकडा दिसला की हिमोग्लोबिनकडंही बघायला हवं.

मावशींच्या भावाच्या कागदावर प्लेटलेटपुढं एक चांदणी होती. घरात ती बघूनच घबराट झाली होती. ही चांदणी येते कशी? शंभर निरोगी माणसं घेतली, त्यांचे आकडे लहान-मोठे लावले, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडले आणि मधल्या ९५ टक्क्यांना 'नॉर्मल' म्हटलं. म्हणजे व्याख्येनंच पाच निरोगी माणसं बाहेर. आता सणासुदीला निघणारं वीस तपासण्यांचं पॅकेज घ्या. तपासण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर ठणठणीत माणसाच्या रिपोर्टवरही निदान एक चांदणी यायची शक्यता ६४ टक्के. चांदणी हा रोग नव्हे. अर्थात दीड लाखाच्या रेघेखाली ३८ हजार हे काठावरचं प्रकरण नव्हतं. तो आकडा एकतर खरा होता आणि गंभीर, नाहीतर खोटा होता.

कागदावर टायफॉइडची विडाल तपासणीही होती: 'पॉझिटिव्ह, १:८०'. म्हणजे माणसाला डेंगी आणि टायफॉइड दोन्ही, असं घरच्यांनी धरलेलं. विडालबद्दल मी जरा कडवट बोलतो, चालवून घ्या. फर्नांड विडाल यांनी ही तपासणी १८९६ मध्ये आणली. त्या काळात ती मोठी गोष्ट होती. टायफॉइडच्या जंतूंविरुद्ध अंगात तयार झालेली प्रतिद्रव्यं रक्तात असली, तर तपासणीच्या द्रावणातल्या मारून ठेवलेल्या जंतूंचे गठ्ठे होतात, हे काचेच्या पट्टीवर दोन-चार मिनिटांत दिसतं. पण ती प्रतिद्रव्यं मागच्या कधीच्या संसर्गाची असू शकतात, लशीची असू शकतात, दुसऱ्याच कुठल्या तापातही वाढू शकतात. एकट्या आकड्यानं फारसं काही सिद्ध होत नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा करून तो चौपट झाला, तर अर्थ. दुसऱ्यांदा कोण येतो? तोवर ताप गेलेला असतो. टायफॉइड खरंच शोधायचा तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर: आठ-दहा मिलिलिटर रक्त जंतूंच्या आवडीच्या रसात घालून उबेत ठेवायचं. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, मशीन तो टिपतं, आणि कुठलं औषध त्यांना मारतं हेही पुढं कळतं. दोन-तीन दिवस लागतात, पैसे जास्त लागतात. म्हणून विडाल चालते.

डेंगीसाठी आधीच्या ठिकाणी कार्ड टेस्ट केली नव्हती, ती मी केली. कार्डावर सिरमचा थेंब टाकला की तो टीपकागदावरच्या शाईसारखा पुढं सरकतो. वाटेत त्याला सूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिद्रव्यं भेटतात. रक्तात डेंगी विषाणूचं एनएस१ हे प्रथिन असेल तर ते कणांना धरतं, पुढं रेघेवर बसवलेली दुसरी प्रतिद्रव्यं त्या जोडीला अडवतात आणि लाल रेघ उमटते. ते लाल कण पुष्कळ कार्डांत सोन्याचे असतात. शहापूरच्या सराफ गल्लीत पिवळं दिसणारं सोनं, काही दहा नॅनोमीटरांइतकं बारीक केलं की लाल दिसतं. मावशींना हे पटलं नाही. "सोनं असतं तर कार्ड टाकून दिलं असतं व्हय?" त्यांच्या बांगडीच्या मानानं ते धुळीइतकंही नसतं, हे सांगितल्यावर त्या हसल्या.

रेघ एकच उमटली, कार्ड नीट चाललंय हे सांगणारी, म्हणजे निगेटिव्ह. पण कार्ड वाचताना तापाचा कितवा दिवस हे आधी विचारायचं असतं. एनएस१ पहिल्या पाचेक दिवसांत सापडतं, पुढं उतरतं; आयजीएम प्रतिद्रव्यं साधारण पाचव्या दिवसापासून वर यायला लागतात. चौथ्या दिवशी दोन्ही हुकू शकतात. त्यामुळं डॉक्टरांनी दोन दिवसांनी एलायझा करायला सांगितलं. एलायझाचं तत्त्व कार्डाचंच, फक्त रेघेऐवजी खळग्यांत रंग येतो आणि तो मशीननं मोजता येतो. डेंगीच्या सरकारी तपासणीत जे आयजीएम किट वापरतात, ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार झालेलं आहे. १९५७ मध्ये शिवमोग्याच्या जंगलात माकडं मरायला लागली, तेव्हा क्यासनूर तापाचा विषाणू याच संस्थेनं ओळखला. तो माकडताप पुढं २०१५-१६ च्या सुमारास आमच्या घाटाखाली, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात दिसला. काजूच्या हंगामात त्या बाजूला जाऊन आलेला तापाचा माणूस असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. फॉर्मवर तो रकाना नसतो.

असा ताप सुरुवातीच्या दिवसांत ओळखायला प्रतिद्रव्यांची वाट बघून चालत नाही, विषाणूच पकडावा लागतो, आणि तो असतो मूठभर. त्यासाठी पीसीआर. कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये ही कल्पना सुचली, १९९३ मध्ये नोबेल मिळालं. जंतूच्या जनुकाचा ठरावीक तुकडा ९५ अंशांच्या आसपास तापवून उलगडायचा, थंड करून त्यावर खूणचिठ्ठी चिकटवायची, ७२ अंशांना त्याची नक्कल करायची. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस वेळा केलं की एकाचे १०७ कोटी. एवढे झाले की मशीनला दिसतात.

निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईला दोन महिने खोकला असतो आणि ती म्हणते, धुरळ्यानं आहे. तिचा बेडका दुर्बिणीखाली बघून क्षयाचे जंतू दिसायला मिलिलिटरमागं पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. पीसीआरवरच चालणाऱ्या जीनएक्स्पर्ट मशीनच्या पहिल्या कार्ट्रिजला १३१ पुरत, तेही दोन तासांत, आणि रिफाम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध लागू पडेल की नाही हे त्याच वेळी कळतं. ट्रूनॅट हे त्याच कामाचं लहान, बॅटरीवर चालणारं मशीन. ते चोर्ला घाट उतरून गेलं की लागणाऱ्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. या यंत्रांची एक खोड लक्षात ठेवायची: ती मेलेल्या जंतूचाही तुकडा वाढवून दाखवतात. म्हणून उपचार लागू पडतायत का, हे बघायला ती नकोत. तिथं शंभर वर्षांची जुनी दुर्बीण आणि कल्चरच.

आता पुन्हा खुर्चीतल्या माणसाकडं.

पेशी मोजायचं मशीन वॉलेस कोल्टर यांच्या कल्पनेवर चालतं. पेटंट १९५३ चं. रक्त खारट पाण्यात पातळ करायचं आणि केसाएवढ्या भोकातून ओढायचं. भोकातून वीज वाहत असते. पेशी आत शिरली की विजेला अडथळा होतो; पेशी जेवढी मोठी तेवढा धक्का मोठा. यात्रेच्या गर्दीत दारातून एकेक माणूस सोडावा आणि दाराच्या कुरकुरीवरून मूल की पैलवान हे ओळखावं, तसं. लाल पेशी ८० ते १०० फेम्टोलिटरची, प्लेटलेट जेमतेम दहाची. (लोक प्लेटलेटला 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या सगळ्यांत दांडग्या.) आता दहा-वीस मुलं एकमेकांच्या गळ्यात हात घालून दारातून गेली तर? मशीन त्यांना मूल म्हणून मोजत नाही. प्लेटलेट कमी भरतात, आणि कधी तो गठ्ठा पांढऱ्या पेशींच्या खात्यात जातो.

असे गठ्ठे दोन कारणांनी होतात. रक्त हळूहळू, टोचाटोची करून काढलं आणि बाटली नीट उलटवली नाही, हे नेहमीचं. दुसरं कारण विचित्र: हजारात एखाद-दुसऱ्या माणसाच्या रक्तात अशी प्रतिद्रव्यं असतात, की ईडीटीएनं कॅल्शियम काढून घेतलं की ती प्लेटलेटना एकमेकींना चिकटवतात. अंगात काही त्रास नाही, फक्त जांभळ्या बाटलीत. म्हणून मी निळी बाटलीही भरली होती.

मशीननं जांभळ्या बाटलीवर ४१,००० दाखवलं. मी काचेच्या पट्टीवर थेंब ओढला, लिशमन रंग दिला, सुकवून दुर्बिणीखाली लावला. शंभराच्या भिंगाखाली एका वेळी दिसणाऱ्या गोलात दहा प्लेटलेट म्हणजे ढोबळमानानं दीड लाख. मधल्या भागात दोन-तीनच होत्या. पण पट्टीच्या शेपटाकडं गेलो तर तिथं जांभळे पुंजके, एकेकात तीस-चाळीस, द्राक्षाच्या घडासारखे. निळ्या बाटलीवर मशीन म्हणालं १,४९,०००. सायट्रेटनं रक्त दहा टक्के पातळ होतं, म्हणून १.१ नं गुणायचं: १,६४,०००.

डॉक्टरांनी नाडी, दाब आणि रक्ताचा दाटपणा बघितला. डेंगीत प्लेटलेटपेक्षा रक्त दाट होत जाणं जास्त काळजीचं असतं, कारण पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतंय असा त्याचा अर्थ. इथं तो ठीक होता. तसंही रक्तस्राव नसेल, तर प्लेटलेट साधारण दहा हजारांखाली गेल्याशिवाय चढवायचा विचार करत नाहीत. पुतण्यांना रक्त न देताच घरी पाठवलं. त्यातला धाकटा थोडा हिरमुसला.

मी रिपोर्टवर लिहिलं: ईडीटीए बाटलीत प्लेटलेटचे गठ्ठे होतात, पुढच्या वेळी सायट्रेटमध्ये मोजावं. आणि मावशींना मराठीत सांगितलं, हा कागद जपून ठेवा, पुढं कधी ऑपरेशन निघालं तर आधी हा दाखवा. त्यांनी तो घडी घालून पिशवीत ठेवला.

"म्हणजे काल अडतीस हजार, आज दीड लाखाच्या वर?"

"काल पण तेवढ्याच होत्या मावशी. बाटलीत चिकटल्या होत्या."

त्या थोडा वेळ विचार करत उभ्या राहिल्या. मग हिरव्या रसाची बाटली उजेडात धरून किती उरलाय ते बघितलं.

"ते खरं. पण ह्यो चालूच ठेवू न्हवं?"